मारिओचं गाणं घाईचं का वाटतं?

प्रश्न : १९९५-९६च्या सुमारास आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. मी आणि माझा भाऊ मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर त्यावर मारिओ खेळायचो. परवा भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर तोच मारिओ लावून दिला. विटा त्याच, ढग तेच, पण गाणं घाईघाईने वाजतंय आणि मारिओही जास्त चपळ पळतोय असं सारखं वाटत राहिलं. भाचा म्हणतो, "मावशी, इतक्या वर्षांनी तुला काय आठवणार?" माझी आठवण खरंच चुकते आहे का? आणि मुळात डब्याचा गेम लॅपटॉपवर चालतोच कसा?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुमची आठवण पक्की आहे, भाच्याला खुशाल सांगा. लॅपटॉपवरचा मारिओ तुमच्या लहानपणच्या मारिओपेक्षा खरोखरच जोरात पळतो आणि गाणंही त्याच हिशेबाने भरभर वाजतं. लॅपटॉपवर सहा पावलं पडतात तेवढ्या वेळात तुमच्या डब्यावर पाचच पडत होती. गेम लिहिणाऱ्यांनी ठरवलेला वेग मात्र लॅपटॉपवर दिसतो तोच. म्हणजे ज्या यंत्रासाठी तो गेम लिहिलेलाच नव्हता, त्या यंत्रावर तुम्ही तेव्हाही खेळत होता.

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल. निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचा डबा जपानमध्ये विकायला काढला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला १३ सप्टेंबर १९८५ रोजी. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे होते आणि ते सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचे. गेमचं सगळं गणित त्या साठावर बसवलेलं होतं. मारिओचं प्रत्येक पाऊल, कासवाची प्रत्येक हालचाल, गाण्यातला प्रत्येक सूर, सगळं पडदा किती वेळा रंगला हे मोजून पुढे सरकायचं. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला तो पीएएल पद्धतीचा, सेकंदाला पन्नासचा. टीव्हीच्या या आकड्यांचं मूळ घरातल्या विजेत आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, अमेरिकेची साठची, आणि टीव्हीची पद्धत ठरवणाऱ्यांनी आपापल्या विजेशी जुळवून घेतलं.

आता तुमचा डबा. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत आलेले बहुतेक डबे निन्टेन्डोचे नव्हतेच. तैवानमधल्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी फॅमिकॉमच्या चिप्स अभ्यासून त्यांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. त्या चिप्स घालून जगभर वेगवेगळ्या नावांचे डबे निघाले. आपल्याकडे 'लिटल मास्टर' निघाला, रशियात 'डेंडी' निघाला. अँटेनाच्या वायरीच्या जागी डब्याची वायर खुपसायची, टीव्हीचं चॅनेल मुंग्यांमधून चित्र येईपर्यंत फिरवत बसायचं आणि पिवळी कॅसेट दाबून बसवायची, हा सोहळा तुम्हाला आठवत असेल.

या नक्कल करणाऱ्या तंत्रज्ञांपुढे एक अवघड पेच होता. गेम साठच्या हिशेबाने लिहिलेले आणि टीव्ही पन्नासचे. फॅमिकॉममध्ये मुख्य चिपच्या एका ठोक्यात चित्राची चिप पडद्यावर बरोबर तीन ठिपके काढते. एका ठोक्याला तीन ठिपके या ठेक्यावर कित्येक गेमचं चित्र अवलंबून असतं. ठेका बिघडला तर पडदा मधूनच फाटल्यासारखा दिसतो. निन्टेन्डोने स्वतः युरोपसाठी पीएएलचा डबा काढला तेव्हा हा ठेका बदलला. तैवानच्या लोकांनी तो राखला. एनटीएससीच्या चित्रात वरपासून खालपर्यंत २६२ ओळी धरलेल्या असतात, पीएएलच्या अशा चित्रात ३१२. वाढलेल्या पन्नास ओळी त्यांनी चित्र संपल्यावर नुसत्या रिकाम्या जाऊ दिल्या. त्या वेळात गेमला कळतही नाही की आपण परक्या देशात आहोत. जुने जपानी गेम चालले, चित्र फाटलं नाही. किंमत एवढीच मोजावी लागली की प्रत्येक चित्रापाठी थोडं थांबावं लागलं, आणि सेकंदाला साठऐवजी पन्नासच चित्रं पडली. कुठल्याही मोठ्या नावाखाली न झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. आपल्या पिढीचं अर्धं बालपण त्या पन्नास रिकाम्या ओळींवर उभं आहे.

हिशेब करून पाहा. मारिओच्या पहिल्या फेरीत वरच्या कोपऱ्यात वेळ ४०० पासून उतरायला लागतो. त्यातला एक आकडा उतरायला २४ चित्रं लागतात. म्हणजे पूर्ण ४०० संपायला ९,६०० चित्रं. साठच्या यंत्रावर ती १६० सेकंदांत संपतात, पन्नासच्या यंत्रावर १९२ सेकंद लागतात. घड्याळ लावून दोन्हीकडे मोजलं तर भाच्यालाही पटेल.

याचा एक जुना दाखला तर नाशिकमध्येच आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर, १९१३ मध्येच, आपला चित्रपटांचा कारखाना नाशकात घेऊन आले. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं टिपली जात, हात चालेल तशी. पुढे बोलपट आला आणि सेकंदाला चोवीस चित्रांचा नियम ठरला. जुनी रिळं चोवीसच्या यंत्रावर लावली की माणसं लुटुलुटु पळायला लागतात. मूकपटातली माणसं तशीच घाईत चालायची असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. फाळक्यांच्या नटांनी तसं चालून दाखवलेलं नव्हतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात मुलांना नेलंत तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. रीळ बनलं एका यंत्रासाठी आणि चाललं दुसऱ्या यंत्रावर, की पहिला बळी वेळेचा जातो. तुमचा मारिओ संथ झाला, फाळक्यांची माणसं पळाली, एवढाच फरक.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. लॅपटॉपला मारिओची भाषा येत नाही. कॅसेटमधला कार्यक्रम म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. फॅमिकॉमची मुख्य चिप ६५०२ या घराण्यातली. तिला 'ए-९' हा संकेत दिसला की ती समजते, "पुढे आलेला आकडा उचलून हातात धर." तोच 'ए-९' लॅपटॉपमधल्या इंटेलच्या चिपला दाखवला तर ती समजते, "हातातला आकडा पुढच्या आकड्याशी ताडून पाहा." अक्षरं तीच, अर्थ निराळा. मराठीत मुलाला 'शिक्षा' झाली म्हटलं की आपण हळहळतो, हिंदीत तीच 'शिक्षा' मिळाली की पेढे वाटतात, तसंच हे. म्हणून कॅसेटमधली फाइल लॅपटॉपला थेट वाचायला दिली तर काहीच निष्पन्न होणार नाही.

इथे एम्युलेटर नावाचा कार्यक्रम मध्ये येतो. आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात बोहाडा होतो तेव्हा माणूस मुखवटा चढवून देवाचं सोंग घेतो आणि ते सोंग नाचून जाईपर्यंत गाव त्याला देवच मानतं. एम्युलेटर असंच फॅमिकॉमचं सोंग घेतो. तो कॅसेटमधला एकेक संकेत वाचतो आणि फॅमिकॉमने जे केलं असतं ते लॅपटॉपच्या स्मृतीत करून दाखवतो. मुख्य चिपचं सोंग पुरत नाही. चित्राच्या चिपचं, आवाजाच्या पाच वाटांचं, हातातल्या रिमोटच्या बटणांचं, अशी सगळीच सोंगं एकाच वेळी वठवावी लागतात, आणि तीही एका ठोक्याला तीन ठिपके या ठेक्यात. फॅमिकॉमची स्मृती अवघी २ किलोबाइट, चिपचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा. तुमच्या फोनवर सकाळी आलेलं सुप्रभातचं चित्रसुद्धा याहून मोठं असतं. म्हणून आजच्या साध्या लॅपटॉपला हे सोंग अगदी सहज झेपतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही असं आपण म्हणतो. एम्युलेटरच्या बाबतीत पैशाच्या जागी वेग घाला. सोंग घेणाऱ्या यंत्राला मूळ यंत्रापेक्षा कितीतरी पट जास्त राबावं लागतं, कारण मूळ यंत्राच्या एका कामासाठी त्याला वाचणं, अर्थ लावणं आणि करून दाखवणं अशी अनेक कामं पडतात. त्यामुळे मारिओ कुठेही पळतो, पण २००० साली आलेल्या प्लेस्टेशन-२चे गेम जुन्या लॅपटॉपवर अडखळतात. तिथे मग एम्युलेटर एकेक संकेत वाचत बसत नाही, परिच्छेदच्या परिच्छेद आधी भाषांतर करून ठेवतो आणि लागेल तेव्हा तयार भाषांतर वापरतो.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट राखून ठेवली होती. मेसेन किंवा एफसीईयूएक्स हे एम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'रिजन' असा पर्याय असतो. त्यात एनटीएससी आणि पीएएलच्या जोडीला 'डेंडी' असं नाव दिसेल. त्या रशियन डब्यावरून ठेवलेलं ते नाव आहे, पण आतली चिप तुमच्या डब्यासारखीच. ते निवडा आणि गाणं ऐका. १९९५ची दुपार परत येईल.

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही आणि विंडोज १०ची अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. मित्राने लिनक्स टाकून दिलं. मोठ्या भावाच्या 'व्हाइस सिटी' या गेमच्या दोन सीडी घरात आहेत. लिनक्सवर तो चालवायला वाइन वापर असं सांगतात. वाइन हासुद्धा एम्युलेटरच का?
— एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर : नाही, आणि त्याच्या नावातच तसं बजावलेलं आहे. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या वाक्याची आद्याक्षरं म्हणजे वाइन. नाशिकच्या द्राक्षांशी त्याचा संबंध नाही. काम सुरू झालं १९९३ मध्ये, १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार हे त्याचे प्रमुख आहेत, आणि पहिली पूर्ण आवृत्ती १.० बाहेर पडली ती १७ जून २००८ रोजी. पंधरा वर्षं माणसं चिकाटीने हे काम करत राहिली.

इथे सोंग लागत नाही, कारण चिप तीच आहे. विंडोज असो की लिनक्स, लॅपटॉपमधली इंटेलची चिप तोच संकेत तसाच समजते. अडतं ते निराळ्याच ठिकाणी. गेम मधूनमधून घरमालकाकडे मागणं करतो : खिडकी उघडून दे, अमुक फाइल आण, आवाज वाजव. ही मागणी विंडोजच्या रीतीने केलेली असते आणि लिनक्सच्या घरात ती रीत कुणाला ठाऊक नसते. वाइन दुभाष्याचं काम करतं. तुमच्या फोल्डरात ते 'ड्राइव्ह-सी' नावाचं एक फोल्डर तयार करतं आणि गेमला वाटतं आपण सी ड्राइव्हमध्येच आहोत. बारीकसारीक गोष्टींतही सांभाळून घ्यावं लागतं. फाइलचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं की लहान, याची विंडोजला फिकीर नसते. लिनक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं असतात. गेमने नाव चुकीच्या अक्षरांत मागितलं तरी वाइन शोधून बरोबर फाइल हातात देतं. चित्रांच्या भाषेचं वेगळं भाषांतर करावं लागतं. व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनलाच अशा दुभाष्यांची जोड देऊन प्रोटॉन आणला. त्यानंतर व्हॉल्वच्या 'स्टीम' या गेमच्या दुकानातले हजारो विंडोज गेम लिनक्सवर चालू लागले.

व्हाइस सिटी २००३ मध्ये पीसीवर आला तेव्हा त्याला ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणि १२८ एमबी रॅम पुरायची. तुमचा लॅपटॉप त्याला भरपूर आहे. फक्त गेमच्या पर्यायांत 'फ्रेम लिमिटर' चालूच ठेवा. तो बंद केला की गाड्या आणि माणसं विचित्र वागू लागतात, कारण इथेही गणित ठरावीक चित्रांवर बसवलेलं आहे. दुसरी अडचण सीडीची. त्या काळच्या पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि त्याला लागणारा भाग मायक्रोसॉफ्टनेच विंडोज १० मधून काढून टाकला. म्हणजे असे गेम ज्या विंडोजसाठी विकले गेले त्याच्याच नव्या पिढीवर आज उघडत नाहीत. 

'व्हॅलोरंट'सारखा ऑनलाइन गेम मात्र वाइनवर चालणार नाही. त्याचा चोरी पकडणारा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात बसू पाहतो आणि दुभाष्याला तिथे प्रवेश नसतो. त्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : एम्युलेटर वापरणं हा गुन्हा आहे का? मुलं विचारतात तेव्हा काय सांगावं?
— एक शिक्षक, मालेगाव

उत्तर : सोंग घेणारा कार्यक्रम आणि कॅसेटमधला गेम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधी सांगा. दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून स्वतः लिहिलेला एम्युलेटर ही चोरी नव्हे. २००० साली अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही, कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला दोन कार्यक्रम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारा अभ्यास करायला आणि आपल्या प्रतीची राखीव नक्कल ठेवायला मुभा आहे. पण नेटवरून उतरवलेला दुसऱ्याचा गेम या मुभेत बसत नाही. गेम जुना झाला, दुकानात मिळत नाही, म्हणून तो फुकट होत नाही. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो. निन्टेन्डोसारख्या कंपन्या हे फार कडकपणे पाहतात. मार्च २०२४ मध्ये 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांनी त्यांच्याशी तडजोड करताना २४ लाख डॉलर कबूल केले आणि काम बंद केलं.

मुलांना नुसतं नको नको म्हणण्यापेक्षा मोकळे गेम दाखवा. 'डूम' १९९३ मध्ये आला आणि त्याच्या कर्त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा मूळ मजकूर (सोर्स कोड) जगाला देऊन टाकला. त्यावरून लोकांनी 'फ्रीडूम' नावाचा सर्वस्वी मोकळा गेम केला आहे. शाळेच्या संगणकावर तो चालवून पाहणं हा प्रोग्रॅमिंगचा उत्तम धडा होतो, फक्त गोळीबाराचा खेळ आहे हे ध्यानात घेऊन वरच्या वर्गांना द्या.

जाता जाता एक विनंती तिघांनाही आणि इतर वाचकांनाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्याकडे त्या गेमचा मूळ मजकूर राहिलाच नव्हता. तो २०१२ मध्ये सापडला, वडिलांच्या कपाटात मागे पडलेल्या एका खोक्यातल्या फ्लॉप्यांमध्ये. त्या फ्लॉप्या वीसहून अधिक वर्षांच्या होत्या आणि वाचल्या गेल्या. आपल्या घरातल्या माळ्यावरही अशी खोकी असतात. त्यांतल्या फ्लॉप्यांत नुसते गेम नसतात. कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र, कुणाच्या दिवाळी अंकाची पानं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असतात आणि आजचं यंत्र ती उघडत नाही. ज्या सोंगाने मारिओ चालतो त्याच सोंगाने जुनं डॉस आणि जुनं विंडोजही चालवता येतं आणि ती पानं उघडता येतात. मात्र फ्लॉपीवर बुरशी चढली की कुठलंच सोंग उपयोगी पडत नाही.

म्हणून यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा फ्लॉप्या, सीडी आणि गेमच्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेट चालत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नका. तोंडाच्या वाफेने तिचे धातूचे दात गंजतात. खोडरबराने दात हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडाने भुगा झटका आणि पुन्हा लावून पाहा. फ्लॉप्यांसाठी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही विकत मिळतो. पुढचा पावसाळा लागण्याआधी त्यांची एक नक्कल काढून ठेवा.